पाणी जिथे मुरलं

४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुमच्या छावणीत फोन लागत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या मोजणीच्या जीपवाल्याच्या हाती देतेय. मिळालं नाही तर कळव, म्हणजे त्याच्याकडे बघते.

आधी कामाचं. परवा नागरिक समितीची बैठक झाली. मुलांना गावात परत आणायचं की नाही, ते सहा एप्रिलच्या सभेत ठरणार आहे आणि ते तुमच्या किरणांच्या मोजणीवर ठरणार आहे. आम्ही मोठी माणसं परत आलो त्याला एक हिवाळा झाला. दुकानं उघडली, दवाखाना उघडला, सुताराच्या रंध्याचा आवाज पुन्हा यायला लागला. शाळा तेवढी बंद आहे. मी मुख्याध्यापिका आहे ती रिकाम्या बाकांची. रोज सकाळी जाऊन खिडक्या उघडते आणि दुपारी लावून घरी येते. मूल नसलेलं गाव हे गाव नसतं रे, ते प्रतीक्षालय असतं. सगळे वाट बघत बसलेत आणि कशाची ते बोलायची चोरी.

अणुवीज केंद्राच्या साहेबांनी अपघाताच्या दिवशी सांगितलं की काळजीचं कारण नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये कोंबलं. तेव्हापासून मी एकच गोष्ट ओरडून सांगतेय. जी धूळ आमच्या छपरावर पडली तिचा आकडा यांच्या कपाटात कशाला? ज्याच्या अंगणातून तो उचलला, त्याच्या मालकीचा आहे तो. आम्ही काही लहान मुलं नाही की आम्हाला खरं सांगितलं तर रडत बसू. माणसाला माहिती द्या आणि मग निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी मरेपर्यंत म्हणणार.

आता घरचं. तुझ्या भाचीने मला स्पष्ट सांगितलंय. म्हणे, आई, तुझं भाषण मला पाठ आहे आणि सरकारचं पत्रकही मी वाचलंय. मामा 'ये' म्हणाला तर येईन, नाहीतर नाही. अपघात झाला तेव्हा तिची भिंगरी अंगावर पीत होती. आता अख्खी वाक्यं बोलते, प्रश्न विचारते, आणि तिच्या पायांखाली जमीन म्हणून आहे ती निर्वासित वसाहतीतल्या एका खोलीची फरशी, तीही पलंग आणि गॅस सोडून उरलेली. नातीने माझ्या घरात धावावं, पडावं, गुडघे फोडून घ्यावेत, याहून जास्त मला आता काही नको.

मेहेरबानी करू नकोस. नीट मोज आणि खरं सांग. तू खरंच सांगशील याची खात्री आहे, म्हणून तर पोरगी तुझं नाव घेते, माझं नाही. हे लिहिताना मला राग आला. तो तसाच राहू देते.

आमच्या गल्लीत कधी येणार ते कळव.

तुझी
ताई

१० मार्च

ताई,

पत्र मिळालं. जीपवाल्याकडे बघू नकोस, तो तुला आधीच घाबरतो. म्हणाला, बाईंनी पाकीट दिलं तेव्हा मी उभा राहिलो. तुझा विद्यार्थी असणार.

तुमच्या गल्लीत अठरा तारखेला येऊ. पालिकेच्या फळ्यावर सूचना लागली असेल. फाटक उघडायला घरात कोणीतरी असावं लागतं, म्हणून आधी कळवायची पद्धत आहे.

काम कसं चालतं ते तू कधी विचारलं नाहीस, पण समितीत बोलणार असशील तर माहीत असलेलं बरं. प्रत्येक घराच्या पाच जागा ठरलेल्या असतात. फाटक, फाटकापासून दारापर्यंतची वाट, अंगणाचा मध्य, दाराची पायरी आणि दर्शनी बाजूचं छप्पर उतरतं तिथली कड. मीटर आधी कमरेच्या उंचीवर धरायचा, मग गुडघ्याच्या. गुडघ्याची उंची मुलांसाठी. मुलाचं पोट आणि छाती जमिनीच्या जवळ असतात, म्हणून. काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. त्याची गरज नसते, पण सगळेच रोखतात. मग पाचही जागांची सरासरी काढायची, गल्लीची सरासरी काढायची, गावाची काढायची.

आकडे जाहीर होईपर्यंत सांगायचे नाहीत असा लेखी हुकूम आहे. तू म्हणशील, कपाट. तसं नाही. एका घराचा आकडा शेजारचा आपला समजतो आणि मग अफवा उठते. हुकूम मला पटतो. तुझं म्हणणंही पटतं. दोन्ही एकदम पटणं हा माझा जुना आजार आहे, तू मला त्यावरून कायम चिडवत आलीस.

आकडा नाही सांगत, पण कल सांगतो. तुमच्या बाजूच्या गल्ल्यांत किरणांचं प्रमाण उतरलंय, आणि आमच्या अंदाजापेक्षा लवकर उतरलंय. साहेब म्हणतात, हिवाळ्यातल्या पावसाने धुऊन नेलं. मलाही तसंच वाटतं.

मी छावणीतच राहीन. तुझ्याकडे उतरलो तर लोक म्हणतील, बहिणीने भावाला जेवायला घालून काटा खाली आणला.

धाकटा

१३ मार्च

प्रिय मामा,

आईने तुला लिहिलं असणारच. मी वेगळं लिहितेय, कारण तिच्या पत्रात माझं म्हणणं असलं तरी ते तिच्या आवाजात असतं.

इथे आम्ही ठीक आहोत. हे दुसऱ्या गावच्या साफसफाईच्या पथकावर गेलेत, पंधरवड्यातून एकदा येतात. भिंतीपलीकडचे आजोबा खोकले की भिंगरी इथून विचारते, पाणी देऊ का? तेही देतात उत्तर. बाहेर वाळू घातलेलं छोटं मैदान आहे, पण तिथे अख्ख्या वसाहतीची मुलं येतात, मोठी मुलं हिला झोपाळ्यावर बसू देत नाहीत. मग ही खोलीत गोल गोल फिरते आणि चक्कर येऊन पडते. त्याला ती खेळ म्हणते.

आई रोज फोन करते. आज खिडक्यांना रंग दिला, आज तिच्यासाठी एक कोपरा तयार केला. बाबा गेल्यानंतर तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आता हे एक मागतेय आणि ते मी देत नाहीये.

मला आकडा नको, मामा. तो मला कळणारही नाही. एवढंच सांग, भिंगरी तुझी असती तर तू तिला तिथे ठेवलं असतंस का? 'हो' असेल तर हो लिही. 'नाही' असेल तर कारण दिलं नाहीस तरी चालेल, आईला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुझी भाची

२१ मार्च

प्रिय बाळ,

अठराला गल्ली मोजली. तुमचं घर मी स्वतः मोजलं, कोणाच्या हाती मीटर दिला नाही. पाचही जागा दोनदा मोजल्या. नंतर शाळा मोजली, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत. हुकूम मोडून सांगतोय, तेव्हा हे तुझ्यापाशीच ठेव. मुलांसाठी जी मर्यादा ठरवली आहे तिच्या कितीतरी खाली आहे सगळं. मला वाटलं होतं त्याहूनही खाली.

आई दारात उभी होती, हाताची घडी घालून, परीक्षेला बसल्यासारखी. मी मागच्या बाजूलाही जाऊन येतो म्हटलं. ती म्हणाली, मागे पसारा आहे, चहा गार होतोय. पाच जागा झाल्या होत्या, गल्लीतली बरीच घरं बाकी होती. मी चहा घेतला.

तू विचारलंस, ती माझी असती तर. ती माझीच आहे.

ये.

मामा

२४ मार्च

प्रिय धाकट्या,

काल पोरीचा फोन आला. तीस तारखेला, रविवारी, दुपारच्या बसने दोघी येतायत. तू काय लिहिलंस ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर रडले असते, आणि शेजारीण उभी होती.

आता तुला सांगायला हरकत नाही. तुझा आकडा उतरला तो काही आपोआप उतरला नाही, त्यामागे अख्ख्या गावाचे हात आहेत. सरकार साफसफाईचं पथक पाठवणार होतं, त्याचं भिजत घोंगडं पडलंय. मग आम्हीच कंबर कसली. पालिकेच्या फळ्यावर मोजणीची सूचना लागली की त्या गल्लीने आदल्या दिवशी बाहेर पडायचं, असं मी समितीत ठरवून घेतलं. शाळेत तपासणी म्हटली की आम्ही काय करतो? धुतो. तेच केलं. बंबवाल्यांनी पाण्याचा मोठा पाइप दिला. छपरं धुतली, भिंती धुतल्या, फाटकं धुतली, फरश्यांचं शेवाळ खरवडलं. शाळेच्या दारातली वरची माती ओढून मागे लोटली आणि नवी वाळू टाकली. सुतार ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसला होता. दुकानदारीण आणि मी शिडीवर. या वयात शिडीवर चढले म्हणून ओरडू नकोस, तिने मला धरलं होतं, म्हणजे पडलो असतो तर दोघी पडलो असतो. अठराला गल्लीत तुझे साहेब काय म्हणाले आठवतं ना? किती नीटनेटकी वस्ती आहे. ते ऐकून मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. ज्यांना बसमध्ये कोंबून नेलं त्यांनी स्वतःच्या हातांनी आपलं गाव परत मिळवलं. हे मी सहा तारखेला व्यासपीठावरून सांगणार आहे.

तुला त्या दिवशी मागे जाऊ दिलं नाही, कारण बादल्या, ब्रश, सगळं तिथे पडलं होतं आणि तू आल्यावर तो अवतार दिसायला नको होता. नाहीतर भिंगरीचा कोपरा दाखवला असता. स्वयंपाकघराच्या मागे, भिंतीला लागून. तिथली माती लोण्यासारखी झालीये, बोट घातलं की आत जातं. मला पाणीसुद्धा घालावं लागत नाही, मागच्या छपराचा पाइप तिथेच उतरतो. हिवाळाभर मी तिथे बसून ती भुसभुशीत केलीये. फुलझाडं लावलीत, आणि मधली जागा तिला उकरायला मोकळी ठेवलीये. सुताराने छोटं फावडं करून दिलंय.

रविवारी येशील का? ये ना.

तुझी
ताई

२७ मार्च

बाळ,

रविवारी येऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर रद्द कर.

कारण आत्ता लिहीत नाही. मला एक जागा मोजायची आहे. जे मोजलेलं नाही ते बोलायचं नाही, एवढाच एक नियम मी आजवर मोडलेला नाही. आईला दोष देऊ नकोस आणि तिने तुला काही विचारलं तर तिला माझ्याकडे पाठव.

मागचं पत्र मी मागे घेतोय.

मामा

३१ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल मी बसथांब्यावर उभी होते. बस आली, माणसं उतरली, बस गेली. घरी आले तर फोन वाजत होता. पोरगी हुंदके देत होती. मामा नको म्हणाला, कारण सांगत नाही म्हणाला. मागून भिंगरी विचारत होती, आपण उतरलो का?

मी कारण सांगते. तुझे कान भरलेत. मुलं परत आली की परतणाऱ्या कुटुंबांना वेगळी भरपाई द्यायची की नाही यावर वर भांडण चाललंय, हे काय आम्हाला कळत नाही? आज त्यांना गाव बंद हवंय, म्हणून काल ज्याला सुरक्षित म्हणालास त्याला आज तू धोका म्हणायला तयार झालास. बाकीच्यांनी इमान विकलं तर मला वाईट वाटलं नसतं, मी त्यांना ओळखते. तू? ज्याच्या एका शब्दासाठी माझी मुलगी माझं ऐकत नव्हती, तो तू?

एकवीस तारखेचं पत्र पोरीने मला आज सकाळच्या बसवाल्याच्या हाती पाठवलंय. मी मागून घेतलं. 'मुलांसाठी जी मर्यादा ठरवली आहे तिच्या कितीतरी खाली.' तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. रविवारी सभेत मी ते मोठ्याने वाचणार आहे. मोजणाऱ्याने स्वतःच्या भाचीला 'ये' लिहिलं आणि मग त्याचं तोंड दाबलं गेलं, हे लोकांना कळलंच पाहिजे. मग बघू कोण शाळा बंद ठेवतं. वसाहतीतल्या आया पुढच्या बसने मुलं घेऊन निघतील, आणि त्यांना घ्यायला मी थांब्यावर उभी असेन.

आणि शुक्रवारी मी स्वतः जाऊन भिंगरीला घेऊन येतेय. पोरगी यायची तर येवो. नातीला न्यायला मला परवानगी लागत नाही.

तू काय भोगशील याचा मी विचार केला. तुझी नोकरी जाईल. जाऊ दे. अशी नोकरी जाण्यासारखीच आहे.

ताई

२ एप्रिल

ताई,

जीपवाल्याला सांगितलंय, हे तुझ्या हातातच द्यायचं, दाराखालून सरकवायचं नाही. शुक्रवारच्या आत तू हे वाचायला हवंस.

काल दुपारी तू समितीत होतीस तेव्हा मी तुझ्या घरी येऊन गेलो. मागच्या फाटकाने. भिंगरीच्या कोपऱ्यात गेलो आणि मीटर गुडघ्याच्या उंचीवर धरला. एरवी तो टिकटिक करतो. तिथे टिकटिक ऐकू आली नाही, सलग कर्र असा आवाज लागला. आकडा तुझा आहे, म्हणून देतो. मुलांसाठीच्या मर्यादेच्या अकरा पट. पाइपच्या तोंडाशी जमिनीवर टेकवला तर त्याहून खूप जास्त. छोटं फावडं जिथे रोवलंयस, तिथे नऊ पट.

त्यानंतर शाळेच्या मागे गेलो. व्हरांड्यापुढची वाळू स्वच्छ आहे. मागची नाली जिथे मैदानाच्या खोलगट टोकाला उघडते, तिथे सात पट. तीच जागा ना, जिथे पहिलीची मुलं रांगेत उभी राहायची?

तुझं चोवीस तारखेचं पत्र वाचलं त्या क्षणी मला कळलं होतं. ही धूळ पाण्याने मरत नाही, ताई. ती छपरावर चिकटलेली होती, शेवाळात अडकलेली होती, घराघरावर पातळ पसरलेली होती. तुम्ही ती सोडवलीत. पाण्याबरोबर ती पाइपातून, नालीतून खाली गेली आणि जिथे पाणी थांबलं, मुरलं, तिथे मातीने धरून ठेवली. गल्ली खरोखर स्वच्छ झाली. माझे पाचही आकडे खरे आहेत. पण दारापुढची धूळ आता मागे आहे, आणि आधी होती त्याहून दाट.

कोणी माझे कान भरले नाहीत. उलट हे आकडे दाखवल्यावर साहेब म्हणाले, सभा होऊ दे, गावाची सरासरी मर्यादेच्या आतच आहे, असे चार कोपरे पुढच्या फेरीत बघू. वाईट माणूस नाही तो. सगळ्यांसारखा त्यालाही एकदाचं काहीतरी चांगलं जाहीर करायचंय. हे पत्र त्याला न विचारता लिहितोय.

मी पोरीला कारण लिहिलं नाही, कारण कारण तू होतीस. वाटलं, आधी मोजू, कदाचित माझा अंदाज चुकेल, मग तुला सांगायची वेळच येणार नाही. त्या चार दिवसांत तू थांब्यावर जाऊन उभी राहिलीस. अठरा तारखेला मी चहा बाजूला ठेवून मागे जाऊन आलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं. पसारा बघितला असता, एवढंच.

तू घाबरशील म्हणून नाही, तुला माहीत असावं म्हणून सांगतो. चार दिवस तिथे खेळून मुलाला काही होत नाही. रोज तिथे बसून, ती माती नखांत, तोंडात घालत वर्षं काढली, तर होतं. तू हिवाळाभर तिथे बसलीस. दवाखान्यात तुझं नाव दिलंय, तपासून घे.

माझं पत्र सभेत वाचायचं असेल तर वाच. नोकरीचं मला फार नाही. भीती दुसरीच आहे. तुझं बोलणं मी लहानपणापासून ऐकतोय. तू ते वाचलंस की त्या सभागृहात कोणाच्याही मनात शंका उरणार नाही. आणि त्या आया पुढच्या बसने खरंच निघतील.

धाकटा

७ एप्रिल

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्राचेही यातच धर.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पिशवी भरत होते, एक दिवस आधीच. भिंगरीसाठी घेतलेला स्वेटर वर ठेवला होता, तो चुरगळू नये म्हणून. जीपवाला दारात उभा राहिला आणि जाईना. म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, बाईंनी वाचेपर्यंत थांब. मी उभ्यानेच वाचलं. मग त्याला म्हटलं, जा, मी नापास केलं नाहीये तुला. तो गेला.

खोटं कशाला लिहू, पहिला विचार हा आला की हे कोणालाच माहीत नाही. कोपरा खणून काढायचा, माती कुठेतरी टाकायची, भिंगरीला पुढच्या अंगणात खेळवायचं. पुढचं अंगण तर स्वच्छ आहे, तूच मोजलंस. मागे जाऊन उभी राहिले. काही दिसत नाही रे तिथे. इतकी सुंदर माती मी आयुष्यात केली नाही. आणि मग मनात गणित सुरू झालं की माझ्या घराचा एक कोपरा, मग शिडीवरून धुतलेली बाकीची छपरं? त्यांचं पाणी कुठे गेलं? ते मला माहीत होतं. सगळं माहीत होतं, कारण पाइप कोणी कुठे धरायचा ते मीच ओरडून सांगत होते. दुकानाचं पाणी बोळात. सुताराचं त्याच्या भुशाच्या ढिगाखाली. दवाखान्याचं बाकाशेजारच्या झाडाच्या आळ्यात, जिथे बाळंतिणी बसायच्या. ही माती टाकून टाकून मी कुठे टाकणार होते?

पोरीला फोन करून सांगितलं की शुक्रवारी मी येत नाहीये आणि तूही येऊ नकोस. का, म्हणाली. तुझा मामा बरोबर आहे आणि मी चुकले, असं मी म्हटलं.

आता सभेचं. सभागृह भरलं होतं, लोक खिडक्यांत बसले होते. तुझ्या साहेबांनी गावाची सरासरी वाचली. मर्यादेच्या आत. टाळ्या थांबेनात. दुकानदारीण माझा हात दाबून रडत होती, तिची दोन नातवंडं वसाहतीत आहेत. मग अध्यक्ष म्हणाले, ज्यांच्यामुळे हा दिवस दिसला त्या बाईंनी दोन शब्द बोलावेत. तू मागे उभा होतास, मला दिसलास. तुझं ते एकवीस तारखेचं पत्र पदरात घेऊन गेले होते, पण काढलं नाही.

मी काय बोलले ते तू ऐकलंस, पण मला जे ऐकू आलं ते लिहिते. मी म्हटलं, हा आकडा मी धुतलाय. कोणी हसलं. मग मी गल्लीवार सांगत गेले, कोणतं छप्पर, कोणती भिंत, पाणी कुठे सोडलं. हळूहळू माणसं आपापल्या घराचा पाइप आठवायला लागली. सभागृहात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, बोलण्याचा नाही, बसल्या जागी सरकण्याचा.

सुतार उठला. म्हणाला, बाई, ब्रश तुम्ही हातात दिलात. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मग आता कशाला सांगताय, आकडा चांगला आलाय ना. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते, धाकट्या. त्याचा मुलगा दीड वर्ष त्याच्याजवळ नाही. मागून कोणी म्हणालं, नात आली नाही म्हणून गावाची मुलं अडवतेय म्हातारी. ते सहज खरंही ठरलं असतं.

साहेब उठून म्हणाले, चार कोपऱ्यांनी सरासरी बदलत नाही. तेव्हा मात्र माझ्यातली जुनी बाई जागी झाली. मी म्हटलं, मूल सरासरीत खेळत नाही, साहेब. कोपऱ्यात खेळतं. तुम्हाला मूल असेल तर त्याला विचारा, आणि नसेल तर या सभागृहात कोणालाही विचारा.

मग मी ठराव मांडला. शाळा आत्ता उघडायची नाही. मोजणीची सूचना फळ्यावर लावायची नाही. कोणी झाडायचं नाही, धुवायचं नाही, आणि पाणी गेलं ती प्रत्येक जागा समितीने दाखवायची. आकडा त्याच दिवशी त्या घरच्याला सांगायचा. हात वर झाले ते मोजायला दोन माणसं लागली, कारण फरक थोडाच होता. ठराव आपल्या बाजूने गेला. दुकानदारिणीने हात वर केला नाही. बाहेर पडताना ती माझ्या शेजारून गेली आणि माझ्याकडे तिने पाहिलं नाही. आज सकाळी दूध आणायला गेले तर तिने पिशवी समोर ठेवली आणि आत गेली.

आकडे आधीच सांगितलेस म्हणून तुला चौकशीला बोलावलंय असं कळलं. समितीच्या वतीने मी लिहून देणार आहे. तुझ्यासाठी नाही, मी असल्या कामात नातं आणत नाही.

दवाखान्यात जाऊन आले. अंगात थोडं सापडलं, काळजीसारखं नाही म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही महिने लेकीकडे जाऊन राहा, इथून जितक्या लांब तितकं बरं. जावंसं वाटतं. पण पाइप कुठे कुठे धरला होता ते अख्ख्या गावात सलग मला एकटीलाच आठवतं. बाकीच्यांना आपापलं आठवतं, आणि आपापलं सांगताना माणूस जरा आखडता हात घेतो. ती शेवटची नाली दाखवून होईपर्यंत मला हलता येत नाही. किती दिवस लागतील ते तुलाच ठाऊक.

काल रात्री पोरीने फोन भिंगरीकडे दिला. तिने विचारलं, आजी, मी कधी येऊ? मी म्हटलं, तू मोठी झालीस की. ती म्हणाली, मी झालेय. आज सकाळीच झाले. मी म्हटलं, अजून थोडी हो. मग तिने विचारलं, किती थोडी? आणि धाकट्या, उभ्या गावापुढे बोललेली मी, तिला म्हटलं, फोन आईकडे दे.

फोन तिच्या आईने घेतला. मी तिला म्हटलं, स्वेटर उद्याच्या बसने पाठवतेय, बाह्या लांब झाल्या तर दुमड.

ताई